सोनोग्राफी पित्ताच्या खड्यांसाठी, सापडली किडनीतली गाठ – अनुभव आणि सल्ला हवा आहे

निंबोणी | १४ जून, रात्री ११:१०

नमस्कार. एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल.

बाबा ६७ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. दोन महिन्यांपासून तळलेलं खाल्लं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफीला पाठवलं. मी आत सोबत होते. उजवीकडचं पाच मिनिटांत आटपलं, खडे दिसलेही. मग बाबांना कुशीवर वळवलं, डावीकडे जेल लावलं आणि डॉक्टरांचा हात एकाच जागी थांबला. जरा सरकायचा, परत तिथेच यायचा. मापं घेतानाचं ते टक टक बटण मला अजून ऐकू येतंय. "काका, लघवीतून कधी रक्त गेलं होतं का?" एवढंच विचारलं त्यांनी. नव्हतं गेलं.

डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.४ सेंमीची गाठ आहे. नंतर सीटी केला, त्यात 'कॅन्सरची दाट शक्यता' असं आलं. बाकी कुठे काही नाही. बाबांना २० वर्षांपासून बीपी आहे, शुगरही आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.३. तंबाखू आता बंद, पण पूर्वी भरपूर विड्या ओढल्यात.

तीन डॉक्टर झाले, तिघांची तीन मतं. पहिले म्हणाले, अख्खी किडनी काढून टाकू, माणूस एका किडनीवर आरामात जगतो. दुसरे म्हणाले, फक्त गाठ काढू, रोबोने. तिसरे म्हणाले, सहा महिने बघू आणि परत सीटी करू. बाबा तिघांचंही ऐकून बाहेर आले आणि म्हणाले, "वॉशर गळतंय म्हणून इंजिन उतरवत नसतात."

आई रडतेय, भाऊ गूगल करतोय, मला झोप नाही. कुणाच्या घरी असं झालंय का?

---

कातळावरची_फुलं | १५ जून, सकाळी ७:३२

झालंय. माझ्या आईची उजवी किडनी २०११ मध्ये पूर्ण काढली, गाठ सहा सेंमीची होती. आज ती ७४ ची आहे, रोज देवळापर्यंत चालत जाते. तेव्हा आम्हाला कुणी 'फक्त गाठ काढता येते' असं सांगितलंही नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. आता क्रिएटिनिन १.६ वर टेकलंय, म्हणून दुखण्याच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. गुडघे दुखतात तर तेल चोळते बिचारी.

घाबरू नका. लवकर सापडलंय.

---

राखाडी_छटा | १५ जून, दुपारी २:०५

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून तुमच्या बाबांसारख्यांच्या किडनीवर बटण दाबणारा तोच प्राणी. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हा सल्ला नाही. माहिती म्हणून घ्या.

पहिली गोष्ट, ही कथा अगदी नेहमीची आहे. आज किडनीचे निम्म्याहून जास्त कॅन्सर असेच दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात. आमच्या पुस्तकात तीन लक्षणं एकत्र लिहिलेली असायची: कुशीत दुखणं, लघवीत रक्त, हाताला लागणारी गाठ. ही तिन्ही घेऊन येणारा रुग्ण आता शंभरात दहाही नसतो, आणि असला तर आजार बहुधा पुढे गेलेला असतो. किडनी पाठीमागे चरबीत गुंडाळून बसलेली असते, तिथे गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढू शकते.

दुसरी गोष्ट, ४ सेंमीपर्यंतची गाठ म्हणजे सगळ्यात पहिला टप्पा. या आकाराच्या ज्या गाठी ऑपरेशन करून काढतात, त्यातल्या साधारण पाचात एक कॅन्सर नसतेच. चरबीच्या गाठी सीटीवर बऱ्याचदा ओळखता येतात, पण ऑन्कोसायटोमा नावाची एक साधी गाठ असते, ती सीटीवर आम्हाला हमखास चकवते.

आता तुमचे तीन डॉक्टर. तिघेही वेडे नाहीत. पण ४ सेंमीच्या आतल्या, काठावरच्या गाठीला शक्य असेल तिथे फक्त गाठ काढून बाकी किडनी वाचवायची, हे आज जगभर मान्य झालेलं धोरण आहे. त्यात बीपी आणि शुगर असलेल्या माणसाची उरलेली किडनी पुढची पंधरा-वीस वर्षं एकटी किती ओढेल, हा हिशेब करावाच लागतो. 'एका किडनीवर माणूस जगतो' हे खरंय, पण ते निरोगी दात्यांच्या बाबतीत जास्त खरंय. 'बघत राहू' हाही रीतसर उपचार आहे. अशा लहान गाठी सरासरी वर्षाला तीनेक मिलिमीटरच वाढतात. ८५ वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांना मी तेच सुचवेन. ६७ च्या धडधाकट मेकॅनिकला बहुधा नाही.

बाबांचं इंजिनाचं वाक्य मी उद्या आमच्या सर्जनला ऐकवणार आहे.

---

निंबोणी | १५ जून, दुपारी ३:४०

राखाडी_छटा, किती आभार मानू! पाचात एक साधी असते, तर आधी सुई टाकून बघत का नाहीत? भाऊ म्हणतो सुई घातली की कॅन्सर पसरतो.

---

राखाडी_छटा | १५ जून, रात्री ९:१८

सुईच्या वाटेने पसरणं हे किडनीच्या बाबतीत फारच दुर्मिळ आहे. भीती मात्र घरोघरी. खरी अडचण वेगळीच. कधी नमुना अपुरा निघतो, आणि 'कॅन्सर दिसला नाही' असा रिपोर्ट आला तरी तो दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतो. म्हणून सर्जन एकच प्रश्न विचारतात: उत्तर काहीही आलं तरी मी गाठ काढणारच आहे का? असेल तर सुई कशाला. उत्तरावर निर्णय बदलणार असेल, म्हणजे वय जास्त आहे किंवा गाठ न काढता जागच्या जागी गोठवून मारायची आहे, तर सुई जरूर करावी.

यावर सध्या एक छान काम चाललंय. किडनीच्या सगळ्यात नेहमीच्या कॅन्सरच्या (क्लिअर सेल, चारात तीन तरी हेच) पेशींवर एक विशिष्ट प्रथिन असतं. त्याला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला किरणोत्सारी झिरकोनियम जोडायचं आणि पेट स्कॅन करायचा. गाठ त्या प्रकारची असेल तर दिव्यासारखी पेटते. झिरकॉन नावाच्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. खरी गाठ ओळखण्यात आणि खोटी वगळण्यातही अचूकता ८५ टक्क्यांच्या पुढे होती. आपल्याकडे रोजच्या वापरात नाही अजून. आला तर माझं निम्मं कपाळावर हात मारणं कमी होईल.

---

आडमुठा | १६ जून, सकाळी १०:०२

म्हणजे आता सगळ्यांनी दरवर्षी पोटाचा सीटी करायचा का? लॅबवाले फुल बॉडी चेकअप ९९९ रुपयांत देतात, वर चहा-बिस्किट. त्यात किडनी कॅन्सर कळतो का?

---

राखाडी_छटा | १६ जून, सकाळी १०:४५

९९९ मध्ये फक्त चहा-बिस्किटाची खात्री. क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही किडनीत सहा सेंमीची गाठ मी पाहिली आहे. दुसरी किडनी काम भागवून नेते, रक्ताला पत्ताच लागत नाही.

---

लीड्समधला_पाऊस | १६ जून, संध्या. ६:३०

आडमुठा यांच्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर माझ्या गावात आहे. इंग्लंडमधल्या या यॉर्कशायर भागात सिगरेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या ५५ ते ८० वयाच्या लोकांना फुप्फुसाच्या स्कॅनला बोलवायचे. एक मोठा ट्रक पार्किंगमध्ये उभा करायचे, आत सीटी मशीन. माझे घरमालक गेले होते, भाजीची पिशवी हातात घेऊनच. तिथल्या संशोधकांनी विचार केला, माणूस मशीनवर आडवा पडलाच आहे तर पोटाचाही एक स्कॅन करून घेऊ.

विचारलं त्यातल्या ९३ टक्के लोकांनी हो म्हटलं. चार हजारांवर लोकांचं पोट तपासलं, त्यात किडनीचा कॅन्सर निघाला दहा जणांना. दहा हा आकडा थोडा की जास्त, यावर इथल्या मित्रांशी माझं भांडण झालंय. मला जास्त वाटतो, कारण त्या दहांपैकी कुणी तपासायला गेलेलंच नव्हतं. मित्र म्हणतो, त्या दहांसाठी बाकी किती जणांना 'काहीतरी दिसतंय, परत या' अशी पत्रं गेली ते मोज. पाचात एकाचा स्कॅन डॉक्टरांना पुन्हा काढून बघावा लागला आणि शेवटी काहीच करायची गरज नव्हती. शिवाय पोटातली महाधमनी फुगलेले, मूतखडे असलेले लोकही सापडले, तो बोनस.

त्यामुळे सगळ्यांना स्कॅन कुणीच सुचवत नाहीये. धोका जास्त असलेल्यांना, ते आलेच आहेत तर, एवढाच मुद्दा आहे.

---

पेठेतली_पाटी | १६ जून, रात्री ८:१५

प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. रक्ताच्या चाचणीबद्दल: किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा झाली की किम-१ नावाचं प्रथिन वाढतं, आणि हा कॅन्सर त्याच नळ्यांच्या पेशींतून उगवतो. युरोपात वर्षानुवर्षं साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा ज्यांना पुढे किडनी कॅन्सर झाला त्यांच्यात हे प्रथिन निदानाच्या आधीपासूनच चढलेलं दिसलं. ऑपरेशननंतर आजार उलटेल का, याचा अंदाज घ्यायलाही त्याचा अभ्यास चालू आहे. पण इतर किडनीविकारांतही ते वाढतं, म्हणून लॅबच्या पॅकेजात यायला वेळ आहे. (आलं तरी लगेच करू नका.)

---

रानमेवा | १७ जून, दुपारी १२:२०

निंबोणी ताई, ऑपरेशनची घाई करू नका. आमच्याकडे एक वैद्य आहेत, ते मुळांचा काढा देतात, किडनी धुऊन निघते. माझ्या मेहुण्याचा मूतखडा पडला त्याने. नैसर्गिक असल्यामुळे अपाय नाही.

---

पेठेतली_पाटी | १७ जून, दुपारी १:०५

रानमेवा, हेतू चांगला आहे हे कळतं, पण 'नैसर्गिक म्हणून अपाय नाही' हे वाक्य किडनीच्या धाग्यावर तरी राहू देऊ शकत नाही.

ॲरिस्टोलोकिया नावाचं झाडांचं कुळ आहे. आपल्याकडची ईश्वरी, जिला काही भागांत सापसंद म्हणतात, ती त्यातलीच. त्यात असलेलं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनीचं आणि मूत्रमार्गाचं वाटोळं करतं. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात, त्यात चुकून हे झाड आलं. बायका डायलिसिसवर गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. बाल्कन देशांत तर हे गव्हाच्या शेतातलं तण. त्याच्या बिया दळणात गेल्या आणि गावंच्या गावं पिढ्यान् पिढ्या किडनीच्या आजाराने ग्रासली.

आणि आता नवा भाग, ज्याने मी स्वतः हादरले. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. ११ देशांतल्या ९६२ किडनी कॅन्सरच्या गाठींचा सगळा डीएनए वाचला होता. प्रत्येक विष डीएनएवर आपली खूण सोडून जातं, उंदराने पोत्याला पाडलेलं भोक आणि घुशीने पाडलेलं भोक यात फरक कळतो तसं. रोमानिया, सर्बिया आणि थायलंडच्या गाठींमध्ये या आम्लाची खूण सापडली. जपानच्या ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये एक वेगळीच खूण होती, जी इतरत्र जवळपास नाहीच. कशाची ते अजून कुणालाच कळलेलं नाही. पाण्यात आहे, खाण्यात आहे, की आणखी कशात, शोध चालू आहे.

तो काढा कोणत्या मुळांचा आहे, हे तरी वैद्यांना विचारा.

---

रानमेवा | १७ जून, दुपारी ४:५०

विचारतो. नाव सांगत नाहीत ते.

---

आडमुठा | १७ जून, दुपारी ४:५८

झालं मग.

---

सांजवात | १८ जून, रात्री १:२५

वाचत होते चार दिवस, लिहू की नको करत होते. निंबोणी, तुझ्या बाबांची गोष्ट वेगळी आहे, लहान गाठ आहे, त्यामुळे माझं वाचून घाबरू नकोस. पण कधी कुणी चौथ्या स्टेजचा रुग्ण घेऊन या धाग्यावर येईल, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

माझ्या नवऱ्याला २०१७ च्या शेवटी खोकला आला. एक्स-रेमध्ये फुप्फुसात गोट्यांसारख्या गाठी. मूळ निघालं किडनीत. मला वाटलं लगेच किडनी काढतील. डॉक्टर म्हणाले, आधी औषध. मी चिडले, दुसरीकडे गेले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, की अशा पसरलेल्या आजारात आधी किडनी न काढता नुसत्या गोळ्या दिल्या तरी रुग्ण कमी जगत नाही. डॉक्टर बरोबर होते. मी त्यांना तसं सांगायला गेले नाही, त्याचं वाईट वाटतं.

सुनिटिनिब सुरू झालं. चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी. चामडी पिवळट झाली, भुवया पांढऱ्या झाल्या, थायरॉइड बसलं, बीपी चढलं. तळपायांना असे फोड आले की बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरायचा. रात्री क्रीम लावून सुती मोजे घालायचे, हे मला नर्सने सांगितलं, डॉक्टरांनी नाही. तोंडाची चव जायची. सुट्टीचे दोन आठवडे आले की आठव्या-नवव्या दिवशी चव परत यायची, मग आम्ही मिसळ खायला जायचो. आमचं कॅलेंडर मिसळीवर चालायचं.

पावणेदोन वर्षांनी गोळी चालेना. मग निवोलुमॅब. हे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा ब्रेक काढतं. किमतीचं काय सांगू. गोळीचं जेनेरिक मिळतं तरी, याचं बिल हातात घेतलं तेव्हा मला वाटलं शून्य चुकून जास्त छापलंय. दागिने, मग गावचा प्लॉट. तीन वर्षं त्याने छान काम केलं. तो २०२३ मध्ये गेला. पहिल्या दिवशी कुणी मला साडेपाच वर्षं देतो म्हटलं असतं तर मी हात जोडले असते.

---

कातळावरची_फुलं | १८ जून, सकाळी ६:५०

सांजवात, काय लिहू. मिसळीचं वाचून थांबले.

---

पेठेतली_पाटी | १८ जून, सकाळी ११:३०

सांजवात यांच्या पैशांच्या मुद्द्याला धरून. मुंबईत टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबची मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला देऊन बघितली. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. किडनीला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, पण 'एवढी मोठी मात्रा खरंच लागते का' हा प्रश्न आपल्या देशातून विचारला गेला, याचा मला अभिमान आहे. शिवाय टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आता तीनशेच्या वर संस्था आहेत आणि काही औषधं ते एकत्र घाऊक घेतात, त्यामुळे भाव पडतो. तुमचं रुग्णालय ग्रिडमध्ये आहे का हे विचारायला संकोच नको. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, पहिल्याच दिवशी.

आता सुनिटिनिब का चालतं, ते थोडक्यात, कारण ही गोष्ट फार देखणी आहे. क्लिअर सेल प्रकारात व्हीएचएल नावाचं जनुक बहुतेक वेळा मोडलेलं असतं. ते १९९३ मध्ये सापडलं, ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या किडनीच्या गाठी होत त्यांच्यामुळे. पेशीत ऑक्सिजन कमी पडला की 'नव्या रक्तवाहिन्या पाठवा' अशी हाक जाते, आणि ऑक्सिजन आला की व्हीएचएल ती हाक बंद करतं. व्हीएचएल मोडलं की हवा भरपूर असूनही पेशी ओरडतच राहते. म्हणून या गाठी रक्ताने थबथबलेल्या असतात. सुनिटिनिब त्या रक्तवाहिन्यांना अडवतं. ऑक्सिजनची ही जाण कशी चालते, ते शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी हाकेचं मूळच दाबणारी गोळी, बेल्झुटिफॅन, अमेरिकेत मंजूर झाली. आधी त्या घराण्यांसाठी, २०२३ च्या अखेरीस पुढे गेलेल्या किडनी कॅन्सरसाठीही. गंमत म्हणजे तिचा मुख्य त्रास रक्त कमी होणं हा आहे, कारण नवं रक्त बनवायचा निरोपही त्याच हाकेतून जातो.

---

लीड्समधला_पाऊस | १८ जून, दुपारी ३:१०

चाळीसेक ओळींत नोबेल समजावलंत! आमच्या प्राध्यापकांना एक वर्ष लागलं होतं.

---

निंबोणी | २९ जुलै, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. उशीर झाला, माफ करा.

८ जुलैला ऑपरेशन झालं. फक्त गाठ काढली, रोबोने. इथलं वाचून धीर आला होता, म्हणून सर्जनला मी विचारलं, गाठ काढताना किडनीचा रक्तपुरवठा किती वेळ बंद ठेवणार? ते जरा चमकले, मग म्हणाले, वीस-पंचवीस मिनिटांच्या आत उरकायचा प्रयत्न. १९ मिनिटं लागली. बाबांना शुद्धीवर आल्यावर सांगितलं तर म्हणाले, "क्लचप्लेटला मला जास्त लागायचा वेळ."

चौथ्या दिवशी घरी. ड्रेनची पिशवी शर्टाखाली लपवून शेजाऱ्यांशी गप्पा. रिपोर्टमध्ये क्लिअर सेल, ग्रेड २, कडा स्वच्छ (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठावर कॅन्सर नाही). पुढे इंजेक्शनं लागतील का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, या टप्प्याला नाही. आता सहा महिन्यांनी स्कॅन, मग ठरावीक काळाने. क्रिएटिनिन १.४.

त्यांना गाठ बघायची होती. मी फोटो दाखवला. पिवळी आहे, अंड्याच्या बलकासारखी, मध्ये लाल ठिपके. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, विड्या.

---

राखाडी_छटा | ३० जुलै, सकाळी ८:२०

मस्त बातमी! ग्रेड २, कडा स्वच्छ, याहून चांगलं काय मागणार. इंजेक्शनबद्दल डॉक्टर बरोबर आहेत. ऑपरेशननंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब (निवोलुमॅबच्याच जातीचं इंजेक्शन) दिल्याने आयुष्य वाढतं हे २०२४ मध्ये सिद्ध झालं, पण ते आजार उलटायचा धोका जास्त असलेल्यांसाठी. त्याच गटासाठी बोस्टनमध्ये प्रत्येकाच्या स्वतःच्या गाठीवरून लस बनवून दिली, नऊच रुग्ण, तीनेक वर्षांनंतरही नवांपैकी कुणाचा आजार परतलेला नव्हता. नऊ म्हणजे फार छोटा आकडा, पण नजर ठेवून आहे.

स्कॅन मात्र चुकवू नका. हा आजार दहा वर्षांनीही डोकं वर काढतो कधीकधी. बीपी सांभाळा.

आणि हो, पित्ताच्या खड्यांचं काय झालं?

---

निंबोणी | ३० जुलै, सकाळी ९:०२

खडे जिथल्या तिथे आहेत! त्यांचा सगळ्यांनाच विसर पडला. परवा पाऊस आला म्हणून बाबांनी आईला कांदाभजी करायला लावली, रात्री अडीचला मला उठवलं, उजवीकडे दुखतंय म्हणून. शुक्रवारी परत सोनोग्राफी.